ब्रेक फेल म्हणजे गाडी उभी

कोंबडा मी धरला होता आणि पाय तू बांधत होतीस. नुकतं उजाडलं होतं, अंगणात गारठा होता. तू सुतळीचे वेढे घालत होतीस आणि मी म्हणालो, "एवढा आवळू नको. पाय सुजला तं जव्हारला कोण घेल त्याला?" तू म्हणालीस, "तू नीट धर. रेल्वेनं तुला धरायला शिकवला का सोडायला?" मी पकड जरा सैल केली तर त्यानं पंख आपटले ते तुझ्या तोंडावर. तू शिवी दिलीस. ती शिवी कोंबड्याला होती की मला, ते विचारायचं राहून गेलं.

मग तू उडदाचं गाठोडं डोक्यावर घेतलंस, कोंबडा काखेत घेतलास. मी म्हणालो, "येताना तंबाखू आण." तू म्हणालीस, "तोंडात दात नाय नि तंबाखू पायजे." आणि पाड्याच्या वाटेनं खाली सडकेकडे गेलीस. मागं वळून पाहिलं नाहीस. कशाला पाहशील, बाजारालाच तर चालली होतीस.

दुपार कलल्यावर बातमी आली. जव्हारहून परत येताना, नदीच्या पुलाआधी जो लांब उतार आहे तिथं जीप सुटली, वळणावर दरडीला घासून आडवी झाली. जीप कोणाची, तर तुझ्याच भावाच्या पोराची, सुरेशची. त्याचा हात मोडला. बाकीच्यांना मुका मार. तू मागच्या दाराशी बसली होतीस. तू तिथंच गेलीस.

सांगायला आलेला माणूस दम घेत म्हणाला, "बाबा, ब्रेक फेल झाला." त्यानंतर जो आला तो तेच म्हणाला. दवाखान्याच्या दारात तेच. तुला घेऊन घरी आलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या बाया तेच. ब्रेक फेल झाला. जसा काही ब्रेक म्हणून एक माणूस होता, दारू प्याला नि कामावर आला नाही.

जानके, मला रडायला यायच्या आधी राग आला. लोकांना वाटलं म्हातारा दगड आहे.

तुला माहीत आहे मला राग का आला. जन्मभर मी रेल्वेत खलाशी होतो. कसाऱ्याच्या यार्डात डब्याला डबा जोडला की खाली वाकून होज पाईप जोडायचा, कॉक उघडायचा, हे माझं काम. चौथी शिकलेला माणूस मी, साहेबाचं इंग्रजी मला कळलं नाही. पण वारा कुठून येतो नि कुठं जातो ते माझ्या हाताला कळायचं. आणि तिथं पहिल्या दिवशी जुन्या खलाशानं मला जे सांगितलं ते मी घरी येऊन तुला सांगितलं. गाडीचा ब्रेक फेल झाला तर गाडी उभी राहते. पळत नाही.

तू तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत होतीस. आपण दोघंही पोरंच होतो. तू म्हणालीस, "असा कसा होल? मोडली वस्तू कामाची कशी?"

मी तुला सांगत बसलो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाईप जातो. इंजिन त्यात वारा भरतं, दाबून भरतं. प्रत्येक डब्याच्या पोटात एक टाकी असते, तीही त्याच वाऱ्यानं भरते. जोवर पाईप भरलेला, तोवर ब्रेक सुटलेले, चाकं मोकळी. ड्रायव्हरला गाडी थांबवायची असली की तो पाईपातला वारा सोडतो. वारा कमी झाला की डब्याखालचा वॉल्व्ह ओळखतो, टाकीतला वारा दट्ट्याकडे सोडतो, आणि चाकाला ठोकळे बसतात. आता समज, मधेच कपलिंग तुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले. पाईप फाटणार. वारा आपोआप जाणार. मग पुढचा तुकडा उभा, मागचा तुकडा पण उभा. ड्रायव्हर झोपला असला तरी उभा. कोणाला काही करायला लागत नाही.

मी एवढं सगळं हातवारे करून सांगितलं आणि तू भाकरी उलटून म्हणालीस, "म्हंजे खुराड्याची फळी."

आपल्या खुराड्याला वरून पडणारी फळी होती. दोरी ओढून धरली की उघडी, दोरी सुटली की धपकन बंद. दोरी उंदरानं कुरतडली तरी फळी बंदच पडणार, कोंबड्या आत, कोल्हा बाहेर. मला ते समजायला किती दिवस लागले होते नि तू एका भाकरीत उरकलंस. मी चिडलो. मी म्हणालो, "फळी नि रेल्वे एक का?" तू म्हणालीस, "एकच. तुझी जरा लांब हाय."

पण तेवढ्यावर तू थांबलीस कुठं? आठ-पंधरा दिवसांनी पाणी भरताना मधेच विचारलंस, "मंग रात्री यार्डात गाडी उभी ऱ्हाते, इंजिन काढून नेला, तवा तिला कोण धरतं? वारा?" मी म्हणालो, धरतो, पण वाराच तो, हळूहळू झिरपतो. म्हणून हातब्रेक आवळायचा आणि चाकाखाली लाकडाचा गुटका घालायचा. तू हंडा खाली ठेवून हसलीस. "म्हंजे शेवटी लाकूडच." आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा मी रेल्वेचं कौतुक करायला लागलो, पाहुण्यांसमोरसुद्धा, तू आतून ओरडायचीस, "शेवटी लाकूडच." आपलं हे भांडण मिटलं नाही. मी सांगायचो की लाकूड उभ्या गाडीला, चालत्या गाडीला वारा. तू म्हणायचीस, कबूल कर. मी केलं नाही. आजही करत नाही.

आता त्या जीपचं सांगतो, कारण कोणी सांगत नाही.

जीपचा ब्रेक उलटा आहे. रेल्वेत जोर लावून ब्रेक सोडून धरलेला असतो, जोर गेला की लागतो. जीपमध्ये ब्रेक लावायला जोर लागतो, जोर गेला की लागत नाही. तो जोर ड्रायव्हरच्या एकट्या पायाचा नसतो. इंजिन चालू असलं की ते पायाला मदत करतं. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा पाय दाबेपर्यंत मदत उरते, मग पायाखालची पट्टी दगड होते. आणि गिअर काढलेला असला तर इंजिन गाडीला अडवून धरतं तेही गेलं. मग गाडी म्हणजे उतारावरून सोडलेला धोंडा, वर माणसं बसलेली.

आणि आपले सगळे जीपवाले काय करतात? उतार लागला की गिअर काढायचा नि चावी फिरवून इंजिन बंद. डिझेल वाचतं. गाडी शांत जाते, वारा लागतो, बायांना गप्पा ऐकू येतात. इकडची रीतच झाली आहे ती. नवा पोरगा गाडी शिकला की त्याला पहिल्यांदा हेच शिकवतात, बंद करून कशी सोडायची. वळणावर ब्रेक दाबायचा, पुढच्या वळणावर दाबायचा, खाली पुलाजवळ चढ लागला की धक्क्यानं परत चालू करायची. जो सगळ्यात खालपर्यंत बंद नेतो तो हुशार.

त्या दिवशी पुढं मेंढरं आली म्हणतात. सुरेशला एकदा जास्त ब्रेक दाबायला लागला. ते एकदा त्याच्याकडे उरलं नव्हतं.

हे ब्रेक फेल आहे का? तूच सांग. माणसानं आपल्या हातानं ब्रेकचा जीव काढून घेतला नि मग म्हणायचं ब्रेक मेला.

तुला पोचवून आलो त्याच संध्याकाळी काळू आला. तुझा भाऊ, त्याचे डोळे सुजलेले होते, खोटं नाही सांगत. तो खरोखर रडला होता. त्याच्याबरोबर जीपवालेही होते, यशवंत नि बाकीचे, ओट्याच्या कडेला टेकून उभे. सून कुंदा आत होती. ती जव्हारच्या वसतिगृहात स्वयंपाकाला रोज जाते, यांच्याच जीपनं, हे तुला सांगायला नको. पण त्या सगळ्यांना जसं ते माहीतच नव्हतं.

काळू म्हणाला, "भावजी, झाला तो झाला. माझी बहीण गेली, मला काय कमी दुःख हाय? दोन दिवसांत पोलीस जबाब घ्यायला येतील. तुम्ही एवढाच सांगा, ब्रेक फेल झाला."

मी म्हणालो, "झाला नाय."

"अहो पण गाडी थांबली नाय ना?"

"नाय थांबली. कारण इंजिन बंद होता. कोणी केला?"

यशवंत मागून म्हणाला, "बाबा, सगळेच करतात. तुम्ही पण बसलाय आमच्या गाडीत."

"मंग सगळ्यांनी करू नका."

"आता रेल्वेचे नियम इथं लावायचे काय? इथं रूळ कुठं हायेत?" कोणीतरी हसलं. तुझ्या चितेची राख गरम होती, नि माझ्या ओट्यावर माणूस हसला.

मी काळूला सांगितलं, तुझ्या पोराला फाशी लागावी म्हणून मी बोलत नाही. त्याचा हात मोडला, त्याचा जन्म आता कसा जाईल ते तुझ्याइतकं मलाही दिसतं. मला फक्त तो शब्द नको. ब्रेक फेल म्हटलं की झालं, सगळे मोकळे. कोणी काही केलं नाही, कोणाला काही बदलायला नको. उद्या यशवंत तिथंच चावी फिरवणार. मागं कुंदा बसलेली असणार. आज मी हा शब्द बोललो तर उद्या कुंदाच्या वेळी काय बोलू? परत तोच? मी म्हणालो, "तुम्ही सगळे इथं बसून एवढाच बोला, उद्यापासून त्या उताराला इंजिन बंद करणार नाय. मंग मी जबाबात काय सांगायचा ते बघतो."

यशवंत म्हणाला, "बघू."

बघू. आपल्या मुलखात जे काही मोडतं ते बघू या शब्दावर चालत राहतं. नळाचा पंप बंद पडला तर कोण थांबतं? ज्यानं पंप बसवला तो थांबत नाही, ज्यानं दुरुस्त करायचा तो थांबत नाही. तूच थांबायचीस, हंडा घेऊन, झऱ्यावर, पाणी साचायची वाट बघत. रेल्वेत पाईप फुटला की सगळ्यांना थांबावं लागतं, साहेबाला पण, म्हणून तो पाईप त्याच दिवशी दुरुस्त होतो. इथं मोडल्याचा भार मोडणाऱ्यावर पडतच नाही. तो घसरत घसरत सगळ्यात खालच्या माणसावर येऊन उभा राहतो.

हे मी त्यांना बोललो का? नाही. एवढं नीट मला बोलता येत नाही. मी फक्त शिव्या दिल्या. तू असतीस तर हात धरून आत नेलं असतंस.

मग सखू बोलली. खालच्या पाड्यावरची सखू, तुझ्या बाजूला बसली होती जीपमध्ये. डोक्याला पट्टी बांधून आली होती, भिंतीला टेकून गप्प बसलेली. ती म्हणाली, "मी सांगू? जानकी बोलली होती त्याला."

काळू म्हणाला, "आता कशाला ते."

"आता नाय तं कवा? सुरेशनं चावी फिरवली तशी जानकी मागून म्हणाली, अरे, चालू ठेव. तुझ्या पायाला दम देतंय ते इंजिन. तो म्हणाला, आत्या, तुझ्या म्हाताऱ्यानं शिकवला काय? ती म्हणाली, हां, त्यानंच शिकवला, तो काय खोटा नाय बोलत. आमी सगळ्या हसलो. मी पण हसले." आणि मग सखूनं पदर तोंडाला लावला.

जानके, मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

एवढ्या वर्षांत तू मला एकदा तरी बोललीस का की तुझं खरं आहे? मी जीपचं सांगायला लागलो की तू म्हणायचीस, लागली याची पोथी. मला वाटायचं तू ऐकतच नाहीस. भिंतीशी बोलतोय असं वाटायचं. आणि तू ते जपून ठेवलंस. माझ्या तोंडावर कबूल केलं नाहीस, पण भरल्या जीपमध्ये, लोक हसत असताना, माझी बाजू घेतलीस. तो काय खोटा नाय बोलत. हे तू माझ्याजवळ बोलली असतीस तर मी तुला लाकडाचं सुद्धा कबूल केलं असतं. नाही, केलं नसतं. पण मनात केलं असतं.

आणि तुझाही मला राग आहे, तो लपवून काय करू. तुला कळत होतं, मग तू उतरली का नाहीस? तू कोणाला भिणारी नव्हतीस. ग्रामसेवकाला तू कागदासकट बाहेर काढलं होतंस. मुकादमाच्या अंगावर टोपली फेकली होतीस. मग भावाच्या पोराला "थांबव गाडी" म्हणायला काय झालं? मला माहीत आहे काय झालं. उडीद विकून उरलेलं ओझं होतं, ऊन होतं, आणि सगळ्या हसत होत्या. माणूस हसण्याला भितो तसा वाघाला भीत नाही. आणि पोरगा भावाचा, चारचौघांत त्याचा अपमान कसा करायचा. तू त्याची लाज राखलीस. त्यानं तुझं काय राखलं?

लोक म्हणतात मेलेल्याशी भांडू नये. मी कोणाशी भांडू मग? जिवंत आहेत ते बघू म्हणतात.

सखूचं बोलणं झाल्यावर जीपवाले एक-एक करून उठले. काळू शेवटी उठला. जाताना म्हणाला, "भावजी, जबाबाचा विचार करा." मी म्हणालो, "केला. जे सखू बोलली तेच मी बोलणार." तो उंबऱ्याशी थांबला, मग गेला. तुझा भाऊ आहे, तो परत येईल का मला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा तुझं माहेर माझं राहिलं होतं, तेही त्या संध्याकाळी मी सोडलं. तुला आवडलं नसतं. पण तू नव्हतीस विचारायला.

कुंदानं भात वाढला, मी खाल्ला नाही. ती म्हणाली, "बाबा, मी उद्या नाय जात कामाला." मी म्हणालो, "सुतकाचे दिवस घरी बस. त्यानंतर काय करशील?" ती म्हणाली, "जाईन. काय करणार?" मी म्हणालो, "त्यांच्याच जीपनं?" तिनं ताट उचललं. दुसरं वाहन कुठं आहे.

तुझ्या अंथरुणाची गुंडाळी कोपऱ्यात तशीच होती. मी तिच्याकडे पाठ करून पडलो आणि तुझ्या आधी मी का नाही गेलो, असले बायकी विचार करत बसलो नाही. तसं लोक म्हणतील म्हणून सांगतो, नाही केलं. मी त्या उताराचा विचार करत होतो. कुठल्या वळणावर चावी फिरवतात, ते.

सकाळी तोंड धुतलं नि खाली सडकेवर गेलो. सुतकातला माणूस, डोकं भादरलेलं, तिसरा दिवस पण झालेला नाही, मला पाहून बाया बाजूला झाल्या. यशवंतची जीप लागलेली होती, जव्हारला जाणारी. मी पुढच्या सीटवर बसलो. तिथं बसलेली दोघं पोरं पटकन उतरून मागं गेली. सुतक्याला खेटून कोण बसणार? यशवंत म्हणाला, "बाबा, तुम्ही आज बाहेर?" मी म्हणालो, "हां."

जाताना तो उतार चढाचा असतो. तिथं इंजिन बंद करायचा प्रश्नच नव्हता. जव्हारला उतरलोच नाही, पुढंच बसून राहिलो. गाडी परत भरली. यशवंत दोनदा म्हणाला, "बाबा, मागं बसा," मी ऐकलं नाही, आणि मला हात धरून उठवणं त्याला जमेना.

उताराच्या डोक्यावर त्यानं गिअर काढला. चावी त्या जुन्या जीपला मधल्या पत्र्यावर आहे, त्याच्या नि माझ्या मधे. त्याचा हात निघाला, त्याच्या आधी मी माझा हात चावीवर ठेवला. पंजा असा पूर्ण.

तो म्हणाला, "हात काढा."

मी म्हणालो, "तू काढ."

त्याचा हात अर्ध्यात थांबला. मला शिवला असता तर आंघोळ करायला लागली असती, आणि मागं गाडीभर बाया बघत होत्या. मागं आज कोणी हसत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शिवी ओठात दाबली, नि परत गिअर टाकला. गाडी गुरगुरत, अडत, पायाखाली दम धरून एक-एक वळण उतरली. तू जिथं गेलीस तिथून गेलो. दरडीवर घासलेली पांढरी रेघ दिसली. मी हात काढला नाही.

पुलावर त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "झाला समाधान? उतरा आता."

मी उतरलो. समोरून दुसरी जीप येत होती, जव्हारकडे जाणारी, पुढं जागा होती. परत येताना तीही याच उतारानं येणार होती. मी हात केला.